बांध की खाचर: मेकाँगच्या मुखाकडच्या एका गस्तीचं प्रकरण

सप्टेंबर १९६८. दक्षिण व्हिएतनामचा दिन्ह तुओंग प्रांत, पावसाळा भरात. अमेरिकेच्या ९व्या इन्फन्ट्री डिव्हिजनमधली एक रायफल प्लाटून दोन दिवसांच्या गस्तीवर निघाली आणि ५७ तासांनी परतली. शत्रूशी समोरासमोर एकही चकमक झाली नाही. तरी दोन जखमी झाले, आणि परतलेल्यांपैकी निम्म्यांना पुढचे काही दिवस बूट घालता येईना. असं का झालं, आणि कुठल्या टप्प्यावर टाळता आलं असतं, ते इथे पाहायचं आहे.

आधी एक खुलासा. ही प्लाटून म्हणजे कुठल्या एका तुकडीची नोंद नव्हे. त्या वर्षी त्या मुलखात रोज निघणाऱ्या गस्तींच्या ठरलेल्या साच्यावरून प्रकरण उभं केलं आहे, आणि त्यातले माणसांचे व तासांचे आकडे या मांडणीपुरते आहेत. हत्यारं, वजनं, आजार आणि डिव्हिजनचे निर्णय मात्र प्रत्यक्षातले.

मुलूख

जंगलयुद्ध म्हटलं की डोंगर आणि गर्द झाडी डोळ्यांपुढे येते. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशाच्या या भागात डोंगर नाहीच. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दोन मीटर वर, मैलोन्‌मैल भातखाचरं, आणि त्यांना कापत जाणारे कालवे. झाडी असते ती कालव्यांच्या काठाने. नारळ, केळी, बांबू, आणि खाऱ्या पाण्याच्या बाजूला निपा ताडाची अशी गचपण की दोन हातांपलीकडचा माणूस दिसत नाही. व्हिएतकाँगचे, म्हणजे अमेरिकनांशी लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांचे, खंदक, साठे आणि वाटा याच झाडीच्या पट्ट्यांत. म्हणजे गस्तीला दोन झाडींमधली उघडी खाचरं ओलांडावी लागतात आणि मग झाडीत शिरावं लागतं. पाणी दोन्हीकडे.

खाचरात घोट्यापासून मांडीपर्यंत पाणी आणि खाली गाळ. कोरडी जागा एकच: बांध. बांधावरून चाललं तर तासाला तीन-चार किलोमीटर सहज होतात, पाय कोरडे राहतात, आणि म्हणूनच सापळे तिथे असतात. हातबॉम्ब आणि आडवी ताणलेली बारीक तार, एवढंच सामान. या प्रांतात अमेरिकन पायदळाचं मोठं नुकसान गोळ्यांनी नाही, अशा सापळ्यांनी आणि सुरुंगांनी केलं. त्यामुळे नियम पक्का होता: बांधावर चालायचं नाही. बांध ओलांडायचा तो आडवा, एकेका माणसाने, आणि जिथे तो मुद्दाम फोडलेला किंवा पायाखालचा दिसतो तिथून नव्हे. खाचरातून चाललं की सापळ्याचा धोका पुष्कळ घटतो, कारण पाण्याखालच्या गाळात तार टिकवून ठेवणं अवघड असतं. पण मग पाय पाण्यात राहतात.

सापळ्याचा धोका आणि पाण्याचा धोका हे एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. एक टाळायला दुसरा पत्करावा लागतो, आणि दुसरा हाताबाहेर गेला की माणसं आपोआप पहिल्याकडे ढकलली जातात. या गस्तीत झालं ते हेच.

माणसं आणि ओझं

रायफल प्लाटून कागदावर ४० हून अधिक माणसांची. प्रत्यक्ष चिखलात उतरणारे त्याहून बरेच कमी: कोणी रजेवर, कोणी आजारी, कोणी तळावरच्या कामाला. खाचरात खरोखर उतरलेली माणसं किती, हे डिव्हिजनमध्ये वेगळं मोजलं जाई, आणि ते मोजणं योग्यच होतं. आपल्या प्लाटूनमध्ये २६ जण. एक लेफ्टनंट, एक प्लाटून सार्जंट, दोन रेडिओवाले, एक मेडिक, सहा-सहा जणांची तीन स्क्वाडं, एम-६० मशीनगनवर दोघं, आणि एक ‘किट कार्सन स्काउट’, म्हणजे पूर्वी व्हिएतकाँगमध्ये असलेला आणि आता अमेरिकनांबरोबर चालणारा वाटाड्या. सापळा ओळखण्यात त्याच्या डोळ्याची बरोबरी करणारा प्लाटूनमध्ये कोणी नसे. गवताची गाठ, वाटेवर ठेवलेल्या काटक्या, गावकरी टाळतात अशी पायवाट, हे त्याला लांबून वाचता येई.

साध्या रायफलवाल्याच्या अंगावर काय असे? एम-१६ रायफल आणि वीसएक मॅगझिनं. मॅगझिन २० गोळ्यांचं, पण स्प्रिंग दमू नये म्हणून बहुतेक जण १८ भरत. नुसती मॅगझिनं सहा किलोच्या घरात जातात. चार हातबॉम्ब, एक-दोन धुराचे डबे. पाण्याच्या चार बाटल्या, म्हणजे चार किलोहून थोडं जास्त. हेल्मेट दीड किलोला थोडं कमी. मशीनगनसाठी १०० गोळ्यांचा एक पट्टा, तीन किलो. काही जणांकडे क्लेमोर सुरुंग, प्रत्येकी १.६ किलो. वर दोन दिवसांचं डब्यांतलं जेवण आणि पोंचो, म्हणजे पावसात अंगावर घ्यायची खोळ. सगळं मिळून पंचवीस किलोंच्या आसपास. रेडिओवाल्याकडे यात पीआरसी-२५ रेडिओची साडेदहा किलोंची भर, आणि मशीनगनवाल्याची तर गनच साडेदहा किलोंची. छर्‍यांपासून वाचवणारी जाड जाकिटं या भागात बहुतेक वेळा तळावरच ठेवत. ती पाण्याने जड होतात आणि कालव्यात माणसाला खाली ओढतात.

एवढं ओझं घेतलेला माणूस गाळात नडगीपर्यंत रुततो. प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं. पावसाळ्यात खाचरातून तासाला एक किलोमीटर म्हणजे चांगली चाल, निपाच्या गचपणात त्याच्या निम्मी. नकाशावर तीन किलोमीटर दिसले की लेफ्टनंटने तीन तास धरायचे आणि वर एक तास कालव्यासाठी.

पहिला दिवस

सकाळी ७:१५ ला हेलिकॉप्टरांनी खाचरात उतरवलं. हेलिकॉप्टर टेकत नाही, पाण्याच्या वर हातभर तरंगतं आणि माणसं उडी मारतात. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. जुन्या बॉम्बचा किंवा तोफगोळ्याचा खड्डा पाण्याने भरला की आजूबाजूच्या खाचरासारखाच दिसतो आणि त्यात माणूस गळ्यापर्यंत जातो. त्यामुळे उडी मारताना गुडघे सैल, रायफल डोक्याच्या पातळीला, आणि पाठपिशवीचा एक पट्टा मोकळा.

पायाच्या पाण्याचं घड्याळ इथे सुरू झालं. प्लाटूनमध्ये कोणी ते मोजत नव्हतं.

रांग लागली. पुढे पॉइंटमन, त्याच्या मागे त्याची पाठ सांभाळणारा, मग होकायंत्र बघणारा आणि पावलं मोजणारा. उघड्या खाचरात दोघांमध्ये किमान दहा मीटर, झाडीत पाच. हे अंतर एका सापळ्यात किंवा एका गोळ्यात दोन माणसं जाऊ नयेत म्हणून असतं. थकलेली माणसं नकळत जवळ येतात, म्हणून सार्जंट पूर्ण वेळ रांगेच्या मागच्या भागात राहून अंतर ताणत असतो.

अकरा वाजता पहिला कालवा. भरती चढत होती. समुद्राकडच्या भागात भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरपर्यंत जातो, आतल्या कालव्यांत कमी, पण सकाळी गुडघाभर असलेला कालवा दुपारी डोक्यावर जाण्याइतका. पोहता येणारा एक जण तीस मीटरचा नायलॉनचा दोर घेऊन पलीकडे गेला, दोन्ही काठांना पहारा बसला, मग बाकीचे दोराला धरून. मशीनगन आणि रेडिओ हवा भरलेल्या गादीवर ठेवून ओढले. रेडिओचा हँडसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला. त्यात पाणी गेलं की प्लाटून मुकी होते, आणि मुक्या प्लाटूनला तोफखाना नाही की जखमींसाठी हेलिकॉप्टर नाही. पलीकडे गेल्यावर पहिलं काम रायफलीच्या नळीतलं पाणी काढणं. एम-१६ ची नळी इतकी बारीक की पाणी आपोआप गळत नाही. तोंड खाली करून बोल्ट थोडा मागे ओढावा लागतो, म्हणजे मागून हवा शिरते आणि पाणी उतरतं. तसंच गोळी झाडली तर नळी फुटू शकते.

दुपारी वस्तीच्या कडेला थांबा. इथली घरं भराव घालून उंच केलेल्या ओट्यांवर असतात, म्हणजे आजूबाजूच्या मुलखात हीच काय ती कोरडी जमीन. अर्धे पहाऱ्यावर, अर्धे जेवणाला, मग अदलाबदल. डब्यातलं एक जेवण सुमारे १२०० कॅलरींचं. रिकामे डबे चेपून पुरले, कारण शाबूत डबा आणि थोडाफार जीव शिल्लक असलेली रेडिओची बॅटरी दोन्ही व्हिएतकाँगला सापळ्यासाठी उपयोगी पडत. कालव्याचं पाणी बाटलीत भरून आयोडिनच्या गोळ्या: स्वच्छ पाण्याला लिटरमागे एक, गढूळ असेल तर दोन. पाच मिनिटांनी झाकण थोडं सैल करून बाटली हलवायची, म्हणजे आट्यांमधलं पाणीही धुतलं जातं, आणि मग अर्धा तास वाट. तहानलेला माणूस हा अर्धा तास थांबत नाही आणि दोन दिवसांनी जुलाबाने आडवा होतो.

या थांब्यावर बूट उतरवले फक्त सहा-सात जणांनी. बाकीच्यांचं म्हणणं, पुन्हा पाण्यातच जायचं आहे तर कशाला. लेफ्टनंटने आग्रह धरला नाही. जंगल बुटांच्या आतल्या बाजूला पाणी निघून जायला जाळीची भोकं असतात आणि वरचा भाग कापडी असतो, त्यामुळे बूट लवकर सुकतात हे खरं. पण ते सुकतात तेव्हा, जेव्हा ते पाण्याबाहेर असतात. पाण्यात ही भोकं पाणी आत आणण्याचंच काम करतात.

रात्री कालव्याच्या वळणावर दबा. जागा निवडताना भरतीचं वेळापत्रक पाहिलं होतं, कारण माल वाहणारी होडकी कालव्यात पुरेसं पाणी असतानाच फिरतात. प्लाटून दोन गटांत विभागली. क्लेमोर कालव्याच्या काठाने लावले. हा सुरुंग समोर ६० अंशांच्या पट्ट्यात ७०० पोलादी गोळ्या फेकतो, ५० मीटरपर्यंत प्रभावी, पण मागच्या बाजूला १६ मीटरच्या आत उघड्यावर कोणी असू नये. जो लावतो तोच सकाळी काढतो. दुसऱ्याने काढायला जाऊ नये. निम्मे जागे, निम्मे झोपलेले. पावसात पोंचो अंगावर घेतला तर तो खुसफुसतो आणि ओला झाला की चकाकतो, म्हणून तो खाली अंथरायचा आणि भिजायचं. माणसं बांधाच्या आडोशाला पालथी पडली: छाती बांधाच्या उतारावर, पाय खाचरात. होडकं आलं नाही. सकाळी सातला २४ तास भरत आले, आणि बहुतेकांच्या पायांनी त्यात अर्धा तासही कोरडा पाहिला नव्हता.

दुसरा दिवस आणि एक न मागितलेली वस्तू

दिवसभर निपाच्या पट्ट्यात शोध. तांबड्या मुंग्यांची घरटी पानांत असतात आणि पॉइंटमनच्या मानेवर पडतात. तिथे आरडाओरडा न करता त्या झटकणं हे शिस्तीचं काम आहे. जळवा किडे पळवणाऱ्या औषधाच्या थेंबाने सुटतात, ओढून काढल्या तर जखम चिघळते. दोन रिकामे खंदक सापडले, एक जुना साठा. साडेतीन तासांत दीड किलोमीटर.

चार वाजता रसदेचं हेलिकॉप्टर. लेफ्टनंटने सकाळी रेडिओवर यादी दिली होती: पाणी, जेवण, बॅटऱ्या. कोरडे मोजे यादीत नव्हते. ते तळावर होते, हेलिकॉप्टरमध्ये जागा होती, २६ जणांच्या मोज्यांचं वजन काही किलोंच्या वर जात नाही. पण मागितलेच नाहीत म्हणून आले नाहीत. यात निष्काळजीपणापेक्षा सवयीचा भाग मोठा होता. रसदेची यादी शिकवली जाते ती दारूगोळा, पाणी, अन्न, बॅटऱ्या या क्रमाने, आणि पाय हा संपणारा माल आहे असं कोणी शिकवत नाही.

सहा वाजता कंपनीकडून, म्हणजे प्लाटूनच्या वरच्या तुकडीकडून, हुकूम: उद्या सकाळी शेजारची कंपनी उत्तरेकडून झाडी झाडत येईल, प्लाटूनने दक्षिणेला दोन किलोमीटर सरकून वाट अडवून बसावं. गस्त एक दिवस वाढली.

मेडिकने अंधार पडण्याआधी पाय तपासले. अकरा जणांचे तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले, जाड झालेले. त्यांना दाबल्यावर दुखत नव्हतं, चालल्यावर दुखत होतं, जणू बुटात गाठी मारलेला दोर घातला आहे. तिघांचं वेगळं होतं: तळव्यापेक्षा पायाचा वरचा भाग आणि घोटा लाल, सुजलेला, हात लावू देत नव्हते, आणि एकाच्या जांघेत गाठ. हे तिघं आठवड्यापूर्वीच्या गस्तीवरूनही पाय सुजवून आले होते आणि पूर्ण बरे व्हायच्या आत पुन्हा निघाले होते.

हे दोन वेगळे आजार आहेत आणि नेत्याला त्यातला फरक कळलाच पाहिजे. पहिल्यात तळव्याची जाड कातडी पाणी पिऊन फुगते, मऊ होते आणि प्रत्येक पावलाला तिच्या घड्या चोळल्या जातात. पाणी थंड असावं लागत नाही, कोमटच असतं. कोरडं मिळालं तर एक-दोन दिवसांत पाय मूळ पदावर येतो. दुसरा म्हणजे सैनिक ज्याला ‘पॅडी फूट’ म्हणत. तो त्वचेच्या आतल्या थरांत जातो, ताप येतो, बूट काढला की सुजेमुळे परत चढत नाही आणि बरं व्हायला आठवडा किंवा त्याहून जास्त. बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या हा तिसरा प्रकार, तो बुरशीचा. त्यावरचं मलम या दोघांना लागू पडत नाही.

मेडिकने लेफ्टनंटला सांगितलं. लेफ्टनंटने रेडिओवर कंपनीला कळवलं: दारूगोळा पुरेसा, पाणी पुरेसं, जखमी नाही. कळवण्याच्या ठरलेल्या नमुन्यात पायांना रकानाच नव्हता. चौदा माणसं उद्या नीट चालू शकणार नाहीत ही त्या संध्याकाळची सगळ्यात महत्त्वाची माहिती होती, आणि ती प्लाटूनच्या बाहेर गेली नाही.

तिसरा दिवस

सकाळी ७:१५ ला ४८ तास झाले. साडेसातला रांग निघाली. दोन किलोमीटरला पाच तास लागले. पाय दुखणारा माणूस टाचेवर चालतो, त्यामुळे गाळात आणखी रुततो आणि दुप्पट दमतो. त्याहून घातक गोष्ट म्हणजे नजर. पॉइंटमन आणि स्काउट सोडले तर बाकीचे समोर किंवा बाजूला न बघता पुढचं पाऊल कुठे कमी दुखेल ते बघत होते. अंतर दहा मीटरवरून तीन-चारवर आलं. सार्जंट सुजलेल्या तिघांच्या मागे अडकला होता, त्यामुळे मधला भाग ताणायला कोणी नव्हतं.

साडेअकराच्या सुमाराला दुसऱ्या स्क्वाडमधला तिसरा माणूस बांध ओलांडता ओलांडता त्यावरून चालू लागला. वीस पावलं. पुढच्यांनी पाहिलं नाही, मागच्यांनी पाहिलं आणि त्याच्या मागे दुसरा चढला. तार घोट्याच्या उंचीवर होती. स्फोटात पहिल्याचा पाय घोट्यापासून गेला, त्याच्यापासून दोन मीटरवर असलेल्या दुसऱ्याच्या मांडीत तुकडे घुसले. नियमाप्रमाणे अंतर असतं तर दुसरा बहुधा जखमी झाला नसता.

पुढचं काम मात्र चोख झालं. कोणी धावत मदतीला गेलं नाही, कारण एका सापळ्याजवळ दुसरा असतो आणि तो मदतीला येणाऱ्यासाठी असतो. स्काउटने पाण्यातून वाट तपासली, मेडिक त्याच्या पावलावर पाऊल ठेवून गेला. घोट्यावर आवळपट्टी, मांडीत दाबपट्टी, मॉर्फिन. ‘डस्टऑफ’ला, म्हणजे जखमींना उचलणाऱ्या हेलिकॉप्टरला, हाक गेली: जागा, जखमींची संख्या आणि प्रकार, शत्रू आहे की नाही. धूर सोडला पण रंग सांगितला नाही. वैमानिकाने दिसलेला रंग सांगायचा आणि खालून दुजोरा द्यायचा. रंग आधी सांगितला तर ऐकणारा शत्रूही त्याच रंगाचा धूर दुसरीकडे सोडू शकतो. पंचवीस मिनिटांत दोघं वर होते.

प्लाटून ठरलेल्या जागी पोचली तेव्हा शेजारच्या कंपनीचं झाडणं होऊन गेलं होतं. चार वाजता हेलिकॉप्टरांनी उचललं.

काय करता आलं असतं

गस्त वाढवण्याचा हुकूम नाकारणं लेफ्टनंटच्या हातात नव्हतं आणि तशी अपेक्षाही चुकीची. पण त्या दिवशी तीन गोष्टी त्याच्या हातात होत्या. एक, चौदा जणांच्या पायांची खरी स्थिती कंपनीला सांगणं. मग कंपनी कमांडरला दुसरी प्लाटून पाठवायची की नाही हे डोळे उघडे ठेवून ठरवता आलं असतं. दोन, सुजलेल्या तिघांना रसदेच्या हेलिकॉप्टरने परत पाठवणं. चारला हेलिकॉप्टर आलं, पाय तपासले सहानंतर. तपासणी रसदेच्या आधी असती तर तिघं गेले असते, सार्जंट मोकळा राहिला असता आणि मोजेही मागवता आले असते. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक हीच, दोन तासांच्या क्रमाची. तीन, दुसरी रात्र घराच्या ओट्यावर किंवा झाडीतल्या उंचवट्यावर काढणं आणि पाळीपाळीने निम्म्यांचे बूट उतरवणं. दबा त्यामुळे कमजोर झाला असता हे मान्य. वस्तीत मुक्काम केला तर घरातल्या माणसांना त्याची झळ बसते, तीही हिशेबात धरावी लागते. पण दुसऱ्या दिवशी वाट अडवायची असलेल्या प्लाटूनने आदल्या रात्री पायांना सहा-सात तास कोरडे मिळवून देणं हे त्या रात्रीचं पहिलं काम होतं.

उलट, बांधावर चढलेल्या सैनिकाला दोष देऊन हे प्रकरण मिटवणं सोपं होतं आणि पुष्कळदा असंच मिटवलं जाई: ‘शिस्त मोडली’. शिस्त मोडली हे खरंच आहे. पण ५२ तास ओल्या पायांवर उभ्या असलेल्या माणसाला कोरडी जमीन दिसल्यावर तो किती वेळा तिच्यावर चढणार नाही, याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा आधी ओळखणं हे नेत्याचं काम. व्हिएतकाँगचे सैनिकही याच पाण्यात राहत. त्यांच्या पायात टायरच्या रबराच्या चपला. पाण्याबाहेर पडताच पाय उघडा होऊन सुकू लागतो. बूट त्याहून कितीतरी सुरक्षित, पण त्या सुरक्षिततेची किंमत ओल्या तासांत मोजावी लागते.

डिव्हिजनने पुढे काय केलं

या त्रासाने ९व्या डिव्हिजनच्या रायफल कंपन्या इतक्या पोखरल्या की डिव्हिजनच्या डोंग टाम तळावर ‘सेफ स्टेप’ नावाने पायांवर चाचण्या सुरू झाल्या. वेगवेगळे बूट, मोजे आणि मलमं घालून स्वयंसेवक पाण्यात फिरत आणि डॉक्टर पाय तपासत. तळव्याला सिलिकॉनच्या मलमाचा पातळ थर लावला तर कातडी पाणी कमी पिते, हे दिसलं. ते नेमाने लावत राहावं लागतं, आणि थकलेल्या माणसाकडून तेवढं होईलच असं नाही. सगळ्यात परिणामकारक ठरली ती साधी वेळेची मर्यादा. १९६८ च्या उत्तरार्धात डिव्हिजनने हुकूमच काढला: अगदी नाइलाज नसेल तर पाण्यातली मोहीम ४८ तासांची, आणि तिच्यानंतर २४ तास कोरडं. ४८ तासांनंतर पाय बिघडण्याचं प्रमाण झपाट्याने चढतं, या निरीक्षणावर हा आकडा उभा होता.

या नियमाची किंमतही होती. माणसं लवकर फिरवायची तर हेलिकॉप्टरं जास्त लागतात. शिवाय नियम पाय वाचवतो, युद्ध कसं लढलं जातं ते ठरवत नाही. याच डिव्हिजनने डिसेंबर १९६८ ते मे १९६९ मध्ये चालवलेल्या ‘स्पीडी एक्सप्रेस’ मोहिमेत १०,८९९ शत्रू मारल्याचा दावा केला आणि हत्यारं मिळाली ७४८. या दोन आकड्यांमधल्या दरीत या खाचरांत राहणारे किती शेतकरी होते, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आणि विचारला गेलाच पाहिजे. काळे कपडे घालून सकाळी खाचरात उतरणारा माणूस शेतकरी आहे की टेहळणी करणारा, हे दोनशे मीटरवरून थकलेल्या सैनिकाला कळत नाही, आणि वरून आकड्यांची मागणी असली की तो संशयाचा फायदा देत नाही.

आपल्या प्लाटूनचं सांगायचं तर परतलेल्या २४ जणांपैकी सुजलेल्या तिघांचे बूट कापून काढावे लागले. बाकीच्यांचे पाय साध्या पाण्याने धुऊन, पुसून, मोजे न घालता उघडे ठेवले. पांढरे तळवे दोन दिवसांत गुलाबी झाले, नंतर कातडीचे पापुद्रे निघाले. नऊ जणांना चार दिवस बुटांची मनाई झाली. सुजलेले तिघं दहा दिवस बिछान्यात. आणखी पाच जणांच्या नडग्यांवर ओरखड्यांतून पू झालेले फोड होते, ते पेनिसिलिनवर. घोट्याभोवती आणि जांघेत बुरशीची वर्तुळं तर जवळजवळ सगळ्यांना होती. २४ तासांच्या कोरड्याने ती जात नाहीत. त्यांना आठवडे लागतात, आणि तेवढे आठवडे पावसाळ्यातली रायफल कंपनी कोणालाच देऊ शकत नव्हती.